थंडीतल्या मांदेलीत गाबोळी कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: मासळीच्या विणीसाठी मासेमारी बंद असते 1 जून ते 31 जुलै, मग ऐन थंडीत आणलेल्या मांदेलीत गाबोळी, म्हणजे पोटातला अंड्यांचा गोळा, कशी?

मांदेलीचा हंगाम लांबलचक असतो आणि ती अंडी हप्त्याहप्त्यानं सोडते, म्हणजे सगळी एकदम नाही, एकेका खेपेला थोडी. बंदी एकट्या मांदेलीसाठी नाहीच. त्यात इतर जातींचा हंगाम आणि पावसाळी समुद्राचा धोकाही आला. शिवाय गाबोळी दिसली म्हणजे मासळी आता अंडी सोडणारच, असंही नाही.

पोट उघडून बघा. धाग्यासारखी पारदर्शक गाबोळी कोवळी. पिवळट झाली आणि दाणे नुसत्या डोळ्यांना दिसू लागले की भरत आलेली. अंडी काचेसारखी होऊन पोट दाबताच बाहेर आली, तर पुढच्या काही तासांचाच प्रश्न. लोळागोळा, रक्ताळलेली असेल तर सोडून झालीत.

गाबोळी किती भरली याचा आकडा हवा असेल तर गाबोळीचं वजन भागिले माशाचं वजन, गुणिले 100. समजा 12 ग्रॅमच्या मादीत 0.6 ग्रॅम गाबोळी, म्हणजे 5. पण मासळी ताजी हवी. मांदेलीचं पोट लवकर फुटतं, म्हणून जाळ्यातून काढताच बर्फात टाका. गाबोळी टिकवायला फॉर्मलिनमध्ये (एक भाग फॉर्मलिन, नऊ भाग पाणी, हातमोजे घालूनच) ठेवल्यावर वजन बदलतं. ताजी आणि मुरलेली वजनं एका तक्त्यात घातलीत की महिन्यांची तुलना संपली.

अंडी मोजायला पुढून, मधून, मागून एकेक तुकडा घ्या. तिन्ही मिळून 0.06 ग्रॅम आणि त्यात 240 मोठी अंडी, तर 0.6 ग्रॅममध्ये 2,400. इथे बरेच जण घसरतात: हा वर्षाचा आकडा म्हणून लिहितात. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, मध्यम, मोठी अशी अंडी एकत्र दिसतात. मोठी या हप्त्याची, बाकीची पुढची. मोठ्यांतही पाणी शोषून फुगलेलीच धरली तर हिशेब पक्का.

हप्ते किती, हे मात्र तराजूवर कळत नाही. अंडं सुटल्यावर मागे रिकामी पिशवी राहते आणि ती एक-दोन दिवसांत विरते. गाबोळीचे पातळ काप रंगवून अशा ताज्या पिशव्या असलेल्या माद्या मोजायच्या. कॅलिफोर्नियाच्या अँकोव्हीवर, म्हणजे मांदेलीच्या नात्यातल्याच माशावर, हंटर आणि गोल्डबर्ग यांनी 1980 मध्ये हेच केलं. दहातल्या एका मादीत कालची पिशवी सापडली, तर सरासरी दहा दिवसांनी एक हप्ता. नमुना एकाच डोल जाळ्यातला (समुद्रात रोवलेलं पिशवीसारखं जाळं), एकाच भरतीचा असेल, तर या आकड्यावर फार विसंबू नका.