तिरपी पट्टी

शेततळ्यात कागद टाकायचा, हा आमचा धंदा. कागद म्हणजे 500 मायक्रॉनचं काळं प्लास्टिक, पण सांगोल्याकडे त्याला कुणी प्लास्टिक म्हणत नाही. बारा वर्षं झाली, आणि तळ्याबद्दल मला कुणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, असं दोन उन्हाळ्यांपूर्वीपर्यंत वाटायचं.

एप्रिलच्या सुरुवातीला आण्णांचा फोन आला. "कागदवाले, तळं गळतंय. मोटार बंद हाय तरी रोज दीड सेंटीमीटर पाणी उतरतंय. पट्टी लावून मोजलंय." कागद मीच टाकलेला. तळं तीस बाय तीस, तीन मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार. भरलं की बावीस लाख लिटरच्या आसपास. ओढ्याच्या पाण्यावर सप्टेंबरात भरलेलं, एप्रिलात निम्म्या उंचीवर आलेलं. म्हणजे निम्मं नव्हे, तळं खाली निमुळतं असल्यामुळे पावणेदहा लाखच. याच पाण्याच्या भरवशावर आण्णांनी डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारं पीक, धरला होता.

मी तिथेच बांधावर हिशोब केला. आमच्याकडे एप्रिलात ऊन आणि वारा मिळून रोज दहा-अकरा मिलिमीटर पाणी उडवतात. पंधरातून ते वजा केलं तर उरलेले चार-पाच मिलिमीटर भोकातून जात असणार. हिशोब इतका चोख वाटला की मी म्हटलं, "आण्णा, उपसावं लागेल. पाण्याखालचे जोड दिसत नाहीत."

सव्वा दिवस मोटार चालली. थोडं पाणी शेजारच्या विहिरीत सोडलं, बाकीचं सगळं डाळिंबाला. तळात गुडघाभर उरल्यावर आम्ही अनवाणी उतरलो. आमचं मशीन दोन समांतर जोड मारतं आणि मध्ये बोटभर पोकळी ठेवतं. पोकळीची दोन्ही टोकं दाबायची, सुई टोचायची, पंपाने हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. पाच मिनिटं काटा हलला नाही, तर जोड पक्का. नंतर सुईच्या भोकाला ठिगळ. बाजूंचे सगळे जोड तपासले, काटा कुठेच हलला नाही. उंदरांनी कुरतडलेली दोन भोकं सापडली ती वरच्या चराजवळ, जिथे कागदाची कड पुरलेली असते, पाण्याची रेघ जिथपर्यंत गेल्या दिवाळीनंतर पोचलीच नव्हती.

तळ राहिला होता. मग एक टब घेतला, त्यात तळ्याचंच पाणी भरलं, दगड घालून तळ्यातच उभा केला. टब बांधावर ठेवला तर जास्त तापतो आणि खोटं बोलतो. दुसऱ्या दिवशी टबात अकरा मिलिमीटर कमी, बाहेरही अकराच. तळही पक्का.

मग दीड सेंटीमीटर आलं कुठून? आण्णांना म्हटलं, कसं मोजलं ते दाखवा. ते खाली वाकले. कागदाच्या उतारावर खडूच्या रेघा होत्या, रोज सकाळच्या पाण्याची एक. नातवाची पट्टी त्यांनी दोन रेघांमध्ये लावली. उतारावर, तिरपी.

एकास एक उतारावर एक सेंटीमीटर पाणी उतरलं की कागदावर 1.41 सेंटीमीटर दिसतं. अकरा मिलिमीटरचे साडेपंधरा. शाळेत शिकलेलं दोनाचं वर्गमूळ. आण्णांनी मोजमाप बरोबर केलं होतं. कुठे मोजलं, हे विचारायचं काम माझं होतं.

निम्म्या तळ्यावरही अकरा मिलिमीटर म्हणजे रोज आठ हजार लिटर, ट्रॅक्टरचे दीड टँकर. कागद विकणारे छातीठोक सांगतात, थेंबही जाणार नाही. खालून जाणार नाही, एवढंच त्यात खरं. वरून जातं त्यावर कुणी बोलत नाही, मीही बोलत नव्हतो. तीस मीटर रुंदीवर शेडनेट ताणायचं तर तारा, खांब आणि वारा, खर्च कागदाच्या तोडीला जातो. पाण्यावर पातळ थर धरणारी पावडर एकदा वापरून पाहिली. दुपारच्या वाऱ्याने थर एका कडेला ढकलून दिला. खरा उपाय सुरुवातीलाच असतो: तेवढंच पाणी कमी तोंडाच्या, जास्त खोल तळ्यात. पण खाली खडक लागला की पोकलेनवाला तासाचे पैसे सांगतो, आणि तळं पसरट होतं.

डाळिंबाला एकदम पाणी मिळालं, मग मे महिन्यात ताण बसला. फळं तडकली, किती ते मी मोजायला गेलो नाही. विहिरीतलं पाणी शेजाऱ्याने अर्धंच परत दिलं.

आण्णा पैसे द्यायला आले, मी घेतले नाहीत. "भोकच नव्हतं तर मग पैसे कशाचे," असं म्हणालो आणि ऊन जास्त आहे यंदा, एवढंच सांगितलं. पट्टीचं अजून सांगितलेलं नाही.