वर

३१ जुलै २०२५, गुरुवार, रात्र

कालपासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. वर.

आईंना मीच घाबरवलं. माझ्या रशियन मैत्रिणीचा निरोप आला तेव्हा त्या देवापुढे बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" आणि मी रशियनमध्ये वाचलेलं तसंच्या तसं बोलून गेले, "तिच्या गावात समुद्राचं पाणी शिरलंय, आई. सगळे वर गेलेत." त्यांच्या हातातलं फूल हातातच राहिलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. तेव्हा कुठे मला कळलं मी काय बोलले ते. "तसं वर नव्हे हो आई, टेकडीवर! जिवंत आहेत सगळे!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असं बोलू नये गं." आणि पुन्हा पूजेला लागल्या.

निरोपात एवढंच होतं: नवेर्खू. वर आहोत. इतकी वर्षं मी हा शब्द वर्गात शिकवला. पुस्तक कुठे आहे? वर आहे. मांजर कुठे आहे? वर आहे. त्याचा असा अर्थ मला कालपर्यंत लागला नव्हता.

रशियाच्या पूर्व टोकाला, कामचात्काजवळ भूकंप, ८.८ चा. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजायचे होते, तिकडे सकाळ बरीच वर आली होती. मी फोन उघडला तोपर्यंत बंदराची चित्रफीत सगळीकडे फिरत होती. मासळीच्या कारखान्याच्या इमारती पाण्यात, कंटेनर तरंगतायत, आणि कुणीतरी वरून, अगदी स्थिर हाताने, ते टिपतंय. सेवेरो-कुरील्स्क, कुरील बेटांवरचं तिचं गाव. हे नाव मराठी वाहिनीवर मी पहिल्यांदा ऐकलं. निवेदिका दोनदा अडखळली. मला उगाच राग आला. तिचा काय दोष! त्या गावचं नाव घ्यायची वेळ कुणावर येतेय कधी?

आईंचं म्हणणं, परवा नागपंचमी झाली आणि लगेच शेषाने फणा हलवला. मी म्हटलं, हो. ती आणि मी मॉस्कोत एका खोलीत राहत होतो तेव्हा तिने मला अलाइदची गोष्ट सांगितली होती. अलाइद डोंगर आधी कामचात्कात होता म्हणे. इतका उंच की बाकीच्यांचं ऊन अडायचं, म्हणून ते सगळे त्याच्याशी भांडले. तो चिडून समुद्रात जाऊन एकटा उभा राहिला, पण काळीज मागे तिथल्या तळ्यातच राहिलं. तिच्या गावावरून, धुकं नसलं की तो दिसतो. धुकं नसलं की! उन्हाळाभर धुकंच असतं तिथे. अक्षांश बघावा तर पन्नास, म्हणजे प्रागच्या आसपासचा, पण उत्तरेकडून थंडगार प्रवाह येतो आणि ऑगस्टमध्येसुद्धा अंगात स्वेटर. झाडं म्हणावीत अशी नाहीत, जमिनीला चिकटून वाढणारी झुडपं. विमान उतरत नाही. कामचात्काहून बोट, नाहीतर हेलिकॉप्टर, तेही हवा असेल तर.

कुरील नावाचंही तिनेच सांगितलं होतं. आइनू भाषेत कुर म्हणजे माणूस. रशियन लोकांना वाटतं ते कुरीत् वरून आलं, म्हणजे धूर सोडणं. गावापासून सातेक किलोमीटरवर एबेको ज्वालामुखी धुमसतोय, कपडे वाळत घातले की राख. "आम्हाला दोन्ही अर्थ लागू," असं ती म्हणायची.

मी मूळ गोष्ट टाळतेय.

गेल्या वर्षी २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत शिरलं, आमच्या पार्किंगमध्येही गुडघ्याच्या वर आलं. ती बातमी तिने तिथे बसून वाचली. आणि तिचा निरोप आला होता, हाच शब्द, फक्त प्रश्न म्हणून: तू वर आहेस ना?

तेव्हा मला तो प्रश्न विचित्र वाटला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते हे तिला माहीत आहे. वर नाही तर कुठे असणार? वीज नव्हती, लिफ्ट बंद, आईंना दिवसभर एकटीने सांभाळलेलं, हात भरून आले होते. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा. त्यानंतर तिने बरंच लांब लिहिलं होतं, तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल. तेही मी पुढच्या रविवारी नीट वाचीन म्हणून ठेवलं. तो रविवार राहिलाच. त्या पत्राबद्दल आज लिहिणं मला जमणार नाही.

अंगठ्याचं मात्र सुटत नाही. कारण मला सगळं माहीत होतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिने मला सांगितलं होतं, आवाज जराही न बदलता. ५ नोव्हेंबर १९५२, पहाट, अंधार. तिची आई सात वर्षांची. भूकंपानंतर पहिली लाट आली तेव्हा लोक होते त्या कपड्यांत सोप्कावर पळाले. तिकडे सोप्का म्हणजे टेकडीही आणि ज्वालामुखीही. वर गेलेले वाचले. मग पाणी ओसरलं. कुणी माणसं शोधायला, कुणी कागदपत्रं, कुणी गरम कपडे आणायला खाली उतरलं. दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होती.

"आजी कोट आणायला उतरली," असं म्हणून तिने पुढचा बटाटा घेतला होता.

सरकारी आकडा २३३६. दोन दिवसांनी क्रांतीचा वर्धापनदिन होता, वर्तमानपत्रांत संचलनं छापून आली, या गावाविषयी अक्षर नाही. कित्येक वर्षं नव्हतं. तिने मला ते सांगितलं तेव्हाही हे उघड बोलायचं नसे. म्हणजे तिने विश्वासाने दिलेली गोष्ट होती ती. नंतर गाव वरच्या पठारावर बांधलं, म्हणून काल ते वाचलं. तिच्या घरात तू वर आहेस ना हा प्रश्न कुठून आलाय हे जगात मोजक्या माणसांना कळलं असतं, त्यात मी होते, आणि मी अंगठा पाठवला.

काल दुपारी मला स्वतःचीच फार कीव येत होती. लेकीचा फोन आठवड्यातून एकदा, तोही आईंच्या औषधांपुरता. रशियन बोलायला कुणी उरलं नाही. विद्यार्थी गुरुपौर्णिमेला चित्रं पाठवतात. पूर आला तेव्हा मला कोणी विचारलं, असं मनात आलं, आणि लगेच उत्तरही आलं. विचारलं होतं. आठेक हजार किलोमीटरवरून असेल, पण नेमकं विचारलं होतं. तिथून पुढे रडू थांबलं. का ते सांगता येत नाही. चहा केला, आईंना दिला, परवाचं एक दिंड उरलं होतं ते दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं.

मी तशी वागले, ते आता पुसता येणार नाही. तिने धरून ठेवलेलं नाही हेही दिसतंय. धरलं असतं तर टेकडीवरून, गारठ्यात, तिने पहिल्या तासात मला कशाला कळवलं असतं? गेल्या वर्षी मला तिला सांगायला जमलं नाही ते तिने न विचारता मला सांगितलं. एवढ्यावर मी आज झोपू शकेन.

पण आज संध्याकाळी दुसरा निरोप आलाय. खाली उतरलो. चहा ठेवलाय.

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं हो, घरी आली बिचारी." त्यांना बरं वाटलं आणि माझ्या पोटात गोळा आला. खाली. अजून धक्के चालू आहेत. 'एवढ्यात उतरायला नको होतं' असं लिहिलं आणि पुसलं. तिला मी हे सांगायचं? तिचं घर पठारावर आहे, तिचं खाली म्हणजे सोप्काच्या खाली, लाटेच्या नव्हे. मला कळतंय. तरी दोनदा नकाशा उघडून बघितला.

शेवटी गेल्या वर्षीपासून लिहायला घेतलं. पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, वॉचमनच्या बायकोला आणि पोरांना आम्ही वर कसं आणलं, आईंना अंधारात काय काय आठवत होतं. विभक्ती चुकतायत, शब्द अडतायत, शब्दकोश वरच्या फळीवर आहे. स्टूल आणते.