पॅरामेशियम जेवताना पाहिलं

भाचीच्या पुस्तकात पॅरामेशियम या एकपेशीय जिवाची आकृती होती. तो जीव खातो कसा, हे तिला प्रत्यक्ष पाहायचं होतं, आणि खरं तर मलाही. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सूक्ष्मदर्शक आहे. सिरपूर तलावाच्या काठचं पाणी बरणीत आणलं, त्यात उकळून गार केलेलं वाळकं गवत टाकलं आणि बरणी सावलीत ठेवली. गवतावर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर पॅरामेशियम. वर पातळ साय धरली की तिच्या लगतचा थेंब घ्यावा, तिथे गर्दी असते.

बेकरीचं यीस्ट काँगो रेड रंगात उकळून त्यातलं अगदी थोडं थेंबात मिसळलं. (हा रंग हातमोजे घालूनच हाताळा, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.) पॅरामेशियम फार भरभर पळतं, म्हणून कापसाचे तंतू पिंजून काचपट्टीवर ठेवले. त्यांच्या मधल्या जागेत एक जरा स्थिरावलं. देहाच्या एका बाजूला तिरकी खाच, तिथल्या पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे बारीक धागे, सतत पाणी आत ढकलत होत्या. लाल कण खाचेच्या तळाशी साठत गेले आणि त्यांची गोल रिक्तिका (अन्नाची इवली पिशवी) सुटून पेशीत फिरू लागली.

"आत्या, निळं होतंय!"

काँगो रेड सामू (pH; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ३ च्या खाली निळा, ५ च्या वर लाल. म्हणजे रिक्तिकेत आम्ल आलं होतं! पुढे तीच रिक्तिका पुन्हा लालसर झाली. एका पेशीतलं पचन असं रंगात दिसतं, हे पाहून मी अक्षरशः हरखले.

पण डोळे नाहीत, नाक नाही, मग अन्न सापडतं कसं? अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी याचं फार सुंदर निरीक्षण केलं होतं. सौम्य आम्लाच्या थेंबाकडे पॅरामेशियम नेम धरून जात नाही. भटकताना आत शिरतं, तेव्हा काहीच घडत नाही. बाहेर पडू लागलं की मात्र कडेला पक्ष्माभिका उलट्या फिरतात, ते मागे सरकतं, वळतं आणि आतच राहतं. जिवाणूंच्या पुंजक्याभोवतीचं पाणी श्वसनातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे अन्नाशेजारी गर्दी आपोआप जमते.

आम्ही व्हिनेगर भरपूर पाण्यात मिसळून त्याचा बारीक थेंब काचपट्टीवर सोडला. थोड्या वेळाने त्याच्यात पॅरामेशियम जमली, आणि कडेपर्यंत येऊन एकेक मागे फिरू लागलं.