‘सेट’ म्हटल्यानंतर

गेली एकोणीस वर्षं मी शालेय मैदानी स्पर्धांमध्ये स्टार्टर म्हणून, म्हणजे पिस्तूल वाजवून शर्यत सुरू करून देणारी म्हणून, उभी राहते. शंभर मीटरला सगळ्यांचे डोळे शेवटच्या रेषेकडे लागलेले असतात. मी बघते ती पोरींची बोटं. ‘सेट’ म्हटलं की कंबर वर जाते, आणि पिस्तूल वाजेपर्यंत मध्ये दीड-दोन सेकंद जातात. तेवढ्यात कुणाची बोटं फक्कीच्या रेषेवर थरथरतात, कुणाचे खांदे हळूच पुढे कलतात, कुणी श्वास कोंडून धरते. एखादीच अशी असते, जी त्या दीड सेकंदात नुसती थांबते. तिच्याकडे मी नंतरही पुन्हा पुन्हा बघते.

म्हणूनच सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडची पॅरिस ऑलिंपिकची शर्यत मी शेवटापेक्षा सुरुवातीसाठी जास्त वेळा पाहिली आहे.

३ ऑगस्ट २०२४. स्टाद द फ्रान्समध्ये पाऊस पडून ट्रॅक ओला झालेला. महिलांच्या शंभर मीटरची अंतिम फेरी, आठ जणी ब्लॉकवर, म्हणजे पाय रोवून सुटायच्या ठोकळ्यांवर. सगळ्यांच्या तोंडी नाव अमेरिकेच्या शकॅरी रिचर्डसनचं, आदल्या वर्षी बुडापेस्टला १०.६५ सेकंदांत जगज्जेती झालेली. पिस्तूल वाजलं, आणि शकॅरी ब्लॉकमधून उठायला मागे पडली. ज्युलियन मात्र पहिल्या पावलापासूनच मोकळी सुटली होती. तीस मीटरपर्यंत मान खाली, मग शरीर हळूहळू सरळ, आणि त्यानंतर तिच्या जवळ कुणीच नव्हतं. तिची वेळ १०.७२, शकॅरीची १०.८७. शंभर मीटरमध्ये पंधरा शतांशांचं अंतर म्हणजे दीड मीटरच्या आसपास. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी मोकळी जागा. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एवढी जागा सहसा दिसत नाही.

आपल्याला सेंट लुसिया माहीत आहे ते क्रिकेटमुळे. त्याच वर्षी २४ जूनला ग्रोस आयलेटच्या मैदानावर रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा केल्या, तेच हे बेट. क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १ लाख ८० हजारांच्या घरात. १९९६ पासून हा देश ऑलिंपिकमध्ये उतरतोय आणि त्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावावर एकही पदक नव्हतं. उंच उडीतली लेव्हर्न स्पेन्सर वर्षानुवर्षं एकटीने त्या देशाचं नाव मोठ्या स्पर्धांत टिकवून होती. २०१८ मध्ये तिने राष्ट्रकुलचं सुवर्णही आणलं. ज्युलियनबद्दल बोलताना लेव्हर्नला विसरलेलं मला चालत नाही.

ज्युलियन राजधानी कॅस्ट्रीजजवळच्या सिसेरॉनची. जन्म १० जून २००१. लहानपणी ती शाळेच्या गणवेशात, अनवाणी, जागा मिळेल तिथे धावायची, असं तिनेच पॅरिसला सांगितलं. पुढचं जे आहे, ते मला इतर सगळ्याहून जास्त भिडतं. २०१३ मध्ये तिचे वडील गेले. ती बारा वर्षांची होती. तिने धावणं सोडून दिलं.

इथे मला माझं सांगावंच लागेल. मी नववीत होते तेव्हा माझे बाबा गेले. सकाळी सहाला मैदानावर घड्याळ हातात घेऊन उभे राहायचे ते. माझी वेळ किती आली हे ते कधी ओरडून सांगायचे नाहीत. जवळ येऊन घड्याळ पुढे धरायचे, मी वाकून बघायचे. ते गेल्यावर एकदा मी मैदानावर गेले, एक फेरी मारली आणि शेवटी सवयीने वाकले. समोर कुणी नव्हतं. त्यानंतर मी स्पाइक्स, धावायचे खिळ्यांचे बूट, घातले नाहीत. मला कुणी परत बोलवायलाही आलं नाही. याबद्दल कुणाला दोष द्यावा असं नाही, तेव्हा घरात सगळेच आपापल्या दुःखात होते.

ज्युलियनला मात्र बोलवायला कुणीतरी आलं. तिचे तिथले प्रशिक्षक कथबर्ट मोडेस्ट. त्यांनी तिची समजूत काढली, ती परत धावायला लागली. ज्या पोरीच्या घरात नुकताच मृत्यू झालाय, तिला ‘उद्या ये बाळा’ म्हणायला किती धीर लागतो, हे मला आता कळतं. गेल्या काही वर्षांत मैदानावरून अचानक दिसेनाशा झालेल्या दोन मुलींच्या घरी मी गेले आहे. एक परत आली.

चौदाव्या वर्षी ज्युलियन घर सोडून एकटी जमैकाला गेली, तिथल्या सेंट कॅथरिन हायस्कूलमध्ये. वेगवान धावपटू तयार करणारी यंत्रणा आपल्या बेटावर नाही आणि त्याच समुद्रातल्या दुसऱ्या बेटावर आहे, म्हणून गेली. आई मागे राहिली. २०१७ मध्ये नसाऊच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण, २०१८ मध्ये ब्यूनस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य, आणि तिथून थेट अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठात, प्रशिक्षक एड्रिक फ्लोरिअल यांच्याकडे.

आता माझ्या विषयाकडे येते. अमेरिकेतलं युजीन, जुलै २०२२, जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी. ज्युलियन फॉल्स स्टार्टमुळे बाद झाली.

नियम असा आहे : पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर जोर आला, तर ती चूक. आवाज कानात जाऊन पायापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच, असं धरलेलं आहे. २०१० पासून दुसरी संधी नाही. आधी एकदा माफ असायचं, आता पहिल्याच चुकीला बाहेर. ज्युलियन त्या रेषेच्या आत आली ती काही सहस्रांशांनी. स्टार्टर म्हणून मला हा नियम पटतो. पण ज्या धावपटूला लाल कार्ड दाखवलं जातं, तिचा चेहरा मी जवळून पाहिलेला असतो. ती हरलेली नसते, ती धावलेलीच नसते. शरीरात भरून ठेवलेली धाव तशीच घेऊन तिला चालत बाहेर जावं लागतं. आमच्याकडे एक पोर बाद झाल्यावर मैदानाच्या कडेकडेने एकटीच पूर्ण वेगात शंभर मीटर धावून आली होती. मी तिला अडवलं नाही.

अशा चुकीनंतर बहुतेक जणी पुढच्या शर्यतीत उशिरा उठतात. कान पिस्तुलाची वाट बघायला घाबरतो. ज्युलियनला त्यासाठी फक्त सतरा दिवस मिळाले. ३ ऑगस्टला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम फेरी होती आणि तिथे तिने ११.०१ मध्ये रौप्य घेतलं, जमैकाच्या एलेन थॉम्पसन-हेराच्या मागे. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, पॅरिस. हा योगायोग मला फार आवडतो.

मधली दोन वर्षं भराभर सांगते. २०२३ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या इनडोअर स्पर्धेत ६० मीटर ६.९४ आणि २०० मीटर २२.०१, दोन्ही विक्रम. त्याच वर्षी बुडापेस्टला शंभर मीटरमध्ये पाचवी आणि दोनशेमध्ये चौथी. पदक नाही. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला ६० मीटरचं जागतिक इनडोअर सुवर्ण, ६.९८. ही सगळ्यात छोटी शर्यत ब्लॉकवरच जिंकली किंवा हरली जाते. युजीनला ब्लॉकवर बाद झालेली मुलगी तिथे ब्लॉकवरूनच जगज्जेती झाली. पॅरिसच्या सुवर्णाची पहिली खूण मला त्या शर्यतीत दिसली होती. तेव्हा माझ्या वहीत तिचं नाव मी दोनदा अधोरेखित केलं होतं.

अंतिम फेरीच्या दिवशी तिनेही वहीत लिहिलं होतं : ज्युलियन आल्फ्रेड, ऑलिंपिक विजेती. सकाळी उसेन बोल्टच्या जुन्या शर्यती पाहिल्या होत्या. जिंकल्यावर तिने छातीवरची नावाची पट्टी उपटून हातात धरली. आणि मग वडिलांचं नाव काढून रडली. मी करू शकेन यावर त्यांचा विश्वास होता, हे बघायला ते नाहीत, असं ती म्हणाली. रात्री बाराच्या पुढे मी एकटी बसून ते बघत होते. मी उठून कपाटातून बाबांचं घड्याळ काढलं. बंद आहे ते, पण टेबलावर ठेवलं.

त्याच संध्याकाळी त्याच मैदानावर डॉमिनिकाच्या थिया लाफॉन्डने तिहेरी उडीत १५.०२ मीटरची उडी घेऊन सुवर्ण जिंकलं. डॉमिनिकाचंही ते पहिलंच ऑलिंपिक पदक. नकाशात बघा : डॉमिनिका, खाली मार्टिनिक, त्याखाली सेंट लुसिया. तीन दिवसांनी ज्युलियनने दोनशेमध्ये २२.०८ ची वेळ देत रौप्यही घेतलं.

सप्टेंबरमध्ये ती घरी गेली, तेव्हा २७ तारीख देशभर ‘ज्युलियन आल्फ्रेड दिन’ म्हणून साजरी झाली. मग २०२५ च्या जुलैत लंडनला दोनशे मीटर २१.७१, देशाचा विक्रम. त्या सप्टेंबरात टोकियोच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरला १०.८४, कांस्य. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि दोनशेमधून तिला माघार घ्यावी लागली. त्या वर्षी दोनशे तिची खरी शर्यत होती. टीव्हीवर तिच्या नावासमोर ती धावणार नसल्याचं वाचलं तेव्हा मला माझ्या मैदानाच्या कडेने धावून आलेली ती पोर आठवली.

सेंट लुसियात व्यू फोर्टला जॉर्ज ओडलम स्टेडियम आहे. २००९ मध्ये तिथल्या सेंट ज्यूड रुग्णालयाला आग लागली आणि रुग्णालय स्टेडियममध्ये हलवलं गेलं. तात्पुरतं म्हणून गेलं ते राहूनच गेलं. ज्युलियन पॅरिसला जिंकली तेव्हाही तिथे खाटा होत्या. रुग्णांना छप्पर हवंच होतं, त्याबद्दल कुणी काय बोलणार. पण आठ वर्षांच्या पोरीची चौदाव्या वर्षापर्यंतची धाव त्या काळात मावते, आणि ज्युलियनची तेवढी वर्षं नेमकी त्यातच गेली. सुवर्ण जिंकल्यावर पत्रकारांसमोर तिने जे मागितलं त्यात स्वतःसाठी काही नव्हतं. या पदकामुळे सेंट लुसियात नवीन स्टेडियम व्हावं, एवढंच.

परवा आमच्या जिल्हा स्पर्धा आहेत. सकाळी सातला मुलींची पहिली हीट, म्हणजे प्राथमिक फेरीची शर्यत. आज संध्याकाळी मी आठही ब्लॉकचे स्क्रू आवळून आले.