पाऊस पडला आणि ग्राफ पळायला लागला

मातीतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते मोजायचं, हे माझं काम. जमिनीत आधीच ठोकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या रिंगवर, आम्ही तिला कॉलर म्हणतो, झाकणासारखं चेंबर बसवायचं आणि आतला आकडा किती वेगाने चढतो ते बघत बसायचं. कोरड्या दिवसांत महाबोअर काम. माती चटके बसतील इतकी तापलेली पण आकडा सव्वाचारशे पीपीएमवरून (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) जेमतेम हलतो, कारण उष्णतेने हा वायू सोडणाऱ्या मायक्रोब्सचं, म्हणजे मातीतल्या जिवाणूंसारख्या सूक्ष्मजीवांचं, खाणं वाढतं हे खरं असलं तरी ओलच नसेल तर ते नुसते पडून असतात.

त्या दुपारी अचानक जोरदार सर आली. धावत जाऊन मशीनवर ताडपत्री टाकली, त्यात शेजारची एक कॉलरही झाकली गेली. सर थांबल्यावर ओल्या कॉलरवर चेंबर ठेवलं तर ग्राफ सुसाट वर! सोबतचा म्हणाला, "अरे पाणी गेलं सेन्सरमध्ये, बंद कर." झिरो गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड अजिबात नसलेली हवा, सोडून बघितला, सेन्सर ठणठणीत. मग ताडपत्रीखालच्या कोरड्या कॉलरवर मोजलं, तिथे तोच आळशी ग्राफ. म्हटलं थांब, बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, जरा वेळाने परत मोजलं आणि तीही उधळली.

याला बर्च इफेक्ट म्हणतात, एच. एफ. बर्च यांचा त्यावरचा पेपर १९५८ चा आहे. कोरड्यात तग धरायला जिवाणूंनी पेशीत साठवलेली द्रव्यं पाणी आलं की त्यांना बाहेर टाकावी लागतात, काही जिवाणू मेलेलेच असतात, मातीचे कण सुटे होऊन आत अडकलेला सेंद्रिय माल उघडा पडतो, आणि जे जिवंत असतात ते या सगळ्यावर तुटून पडतात. अर्थात पाणी साचूनच राहिलं तर उलटं, ऑक्सिजन मिळत नाही आणि कुजणं मंदावतं, म्हणून तर जेमतेम ३ टक्के जमिनीवरच्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दलदलींत जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलाय.

माझा खरा वैताग वेगळाच आहे. मशीन भिजू नये म्हणून हाताने मोजणारे बहुतेक जण कोरडे दिवस बघूनच बाहेर पडतात, आणि हा झटका दोनचार दिवसांत ओसरतो, म्हणजे वर्षाच्या हिशोबात तो येतच नाही. आपोआप उघडझाप करणारं चेंबर मागितलंय, अर्जाला हे दोन्ही ग्राफ जोडलेत. बघू काय म्हणतात.