तुम्ही विचारलंत म्हणून: फायनान्समध्ये कुणी बाई नाही का?

फायनान्स शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. वर्गातल्या मुली विचारतात, प्रवेशाच्या वेळी त्यांचे पालकही विचारतात. "मॅडम, पुस्तकात मार्कोविट्झ, शार्प, फामा, ब्लॅक, शोल्स. सगळे पुरुष. तुमच्या विषयात कुणी बाई नाही का?"

आहे की. मॉरीन ओ'हारा. इलिनॉय विद्यापीठातून पदवी, नॉर्थवेस्टर्नमधून डॉक्टरेट, आणि १९७९ पासून अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात. २००२ मध्ये त्या अमेरिकन फायनान्स असोसिएशन या फायनान्सच्या अभ्यासकांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. ही संघटना १९३९ सालची. तोवर त्या पदावर एकही बाई आली नव्हती. ओळख करून देणारे बहुतेक इथेच थांबतात, आणि मला तेच खटकतं. 'पहिली महिला' म्हणून टाळ्या वाजवायच्या, काम काय केलं ते विचारायचंच नाही.

तर काम. आपल्या पाठ्यपुस्तकात भाव आपोआप ठरतो. मागणी आली, पुरवठा आला, जुळलं, पुढचा धडा. ओ'हारा त्या 'जुळलं' या शब्दापाशीच अडून बसल्या. जुळवतं कोण? आणि समोरच्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल तर?

मोबाइलवर एखाद्या शेअरचे भाव उघडा. समजा, घेणाऱ्याचा सगळ्यात वरचा भाव १०० रुपये, विकणाऱ्याचा सगळ्यात खालचा १०० रुपये १० पैसे. मधले १० पैसे कशाचे? दलालीचे नव्हेत, ती वेगळी कापली जाते. त्यातला काही भाग चक्क भीतीचा असतो. दोन्ही बाजूंनी भाव लावून बसलेल्याला ठाऊक असतं, की विकायला आलेला कधी मुलाची फी भरायची म्हणून आलेला असतो, तर कधी कंपनीची वाईट बातमी आधीच कळली म्हणून. पडद्यावर दोघे सारखेच दिसतात. मग तो सगळ्यांसाठीच थोडी फट ठेवतो. फी भरणाऱ्याचा काही दोष नसताना त्यालाही तिचा भुर्दंड पडतो.

हे मांडणाऱ्या ओ'हारा पहिल्या नव्हेत. पण १९८७ मध्ये अर्थतज्ज्ञ डेव्हिड ईस्ली यांच्याबरोबर त्यांनी सौद्याचा आकार त्यात आणला: ज्याच्याकडे खबर आहे तो मोठा सौदा करायला बघतो, म्हणून मोठ्या सौद्याला भाव वाईट मिळतो. पुढे दिवसभरातल्या खरेदी-विक्रीच्या नुसत्या मोजणीवरून खबरवाल्यांचं प्रमाण काढायची रीतही या मंडळींनी बसवली. तिला 'पिन' म्हणतात.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र २०१४ साली छापून आलेलं काम, चेन याओ आणि माओ ये यांच्याबरोबरचं. अमेरिकेत तेव्हा १०० पेक्षा कमी शेअर्सचा सौदा म्हणजे 'ऑड लॉट' धरला जायचा. हे सौदे सार्वजनिक टेपवर, म्हणजे झालेल्या सौद्यांच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत, यायचेच नाहीत. किरकोळ माणसांची चिल्लर, ती कशाला मोजायची? या तिघांनी मोजली. एखाद्या शेअरच्या एकूण सौद्यांत ऑड लॉटच्या प्रमाणाचा मध्यक (मधलं मूल्य) निघाला २४ टक्के, काही शेअर्समध्ये ६० टक्क्यांच्याही वर. आणि भाव ठरण्यात या चिल्लरीचा वाटा ३५ टक्के! मोठा सौदा डोळ्यांवर येतो हे खबरवाल्यांनाही कळलं होतं. ते आपली ऑर्डर बारीक चिरून चिल्लरीत लपत होते. डिसेंबर २०१३ पासून हे सौदे टेपवर येऊ लागले. म्हणजे त्याआधीच्या टेपवर बेतलेले कितीतरी निष्कर्ष पुन्हा तपासायला हवेत. आपलंच जुनं गृहीतक असं जाहीरपणे मोडीत निघतं, तेव्हा मला तर वाचायला मजा येते.

"मग वाचायला कुठून सुरुवात करू?" हा त्याच मुलींचा पुढचा प्रश्न. ओ'हारांचं १९९५ चं बाजाराच्या सूक्ष्मरचनेवरचं, म्हणजे सौदे आणि भाव प्रत्यक्षात कसे जुळतात यावरचं पुस्तक आत्ताच उघडू नका, गणित पहिल्या प्रकरणातच दमवेल. २००३ मध्ये छापलेलं अध्यक्षीय भाषण आधी घ्या. परतावा किती मिळावा हे सांगणारी मॉडेल्स सौदा करण्याचा खर्च आणि भाव शोधण्यातली जोखीम हिशेबातच धरत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. ज्याला आतली माहिती नाही तो जास्त परतावा मागणार, असं त्या म्हणतात. त्यावर इतरांचा आक्षेप असा, की तो जादा परतावा माहितीचा नव्हे, शेअर सहज विकला न जाण्याचा आहे. मला आक्षेपात दम वाटतो. तुम्ही दोन्ही बाजू वाचा आणि मग माझ्याशी भांडायला या.