मुक्या गाडीची बडबड

भाच्यानं इलेक्ट्रिक डर्ट बाइक घेतली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच पालुपद, बरं झालं बाबा, ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, एअर फिल्टर धुवायचा नाही, चार्ज करायची आणि पळवायची. अर्धं खरंय ते. मोटरला फारसं काही लागत नाही, पण बाकीची गाडी तीच ना, चेन, आरे, बेअरिंग, शॉकअप, ब्रेक, आणि ती खड्ड्यात आपटायची म्हणून तर मुद्दाम घेतलीये.

आपल्याकडे इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स ह्या गाड्या तपासायच्या केंद्राचा तो 11.3 किलोमीटरचा लोण्यासारखा गुळगुळीत टेस्ट ट्रॅक, आणि ह्याला हवं काय तर महूकडच्या मित्राचं पडीक शेत! गाडीला नंबर नाही म्हणजे रस्त्यावर काढायची सोय नाही, त्यामुळे लोडिंग रिक्षात चढवून न्यायची, परत आणायची, आणि मग अंगणात मामाला हाक.

मला ह्या गाडीची एक गोष्ट फार आवडली. पेट्रोलची गाडी स्वतःच्याच गोंगाटात सगळी दुखणी झाकून टाकते, बोल्ट ढिला असला तरी सायलेन्सर ओरडतोय तोवर कुणाला पत्ता नाही. इथे मोटरची बारीक शिट्टी सोडली तर शांतता, त्यामुळे चेन गार्डला घासतेय, कुठेतरी खुळखुळतंय, ब्रेकची डिस्क चीं करतेय, सगळं ऐकू येतं. पहिल्या काही राइडमध्ये तर फारच, कारण नवीन गाडी अजून बसायची असते, आरे हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आणि निपलमध्ये, म्हणजे टोकाच्या छोट्या नटात, नीट टेकतात तसे ते ढिले पडतात, चेनही थोडी सैलावते, बोल्ट हलतात. म्हणून राइडनंतर छोटा पाना घेऊन एकेका आऱ्यावर टिचकी मारायची, ताणलेला आरा टण्ण वाजतो, ढिला नुसता थप्प करतो. आमचे बाबा ओट्यावर पेपर वाचत होते, गवई अमीर खां साहेबांच्या इंदूरचे जुने कानसेन, मान वर न करता म्हणाले, तो आत्ताचा उतरलाय रे. खरंच उतरला होता! पाव फेरा देऊन परत वाजवला तर, हं, आता बरा. एकदम जास्त पिळायचा नाही, नाहीतर चक्का आउट होतो, म्हणजे वाकडा फिरायला लागतो.

चेनचं मात्र उलटं, ती अगदी ताठ केली की लोकांना समाधान वाटतं. पण मागचा शॉकअप दबला की चेन आणखी ताणली जाते, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा झोळ ठेवायलाच हवा, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. त्यात ही मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते, थ्रॉटल जरा जोरात पिळला की चेनला हिसका.

आणि हीच शांतता कधीकधी घातक. आजीनं पोह्यांची बशी ठेवता ठेवता विचारलं, चालू आहे का रे ही? तर होती चालू, आणि भाच्याचा हात चेनपाशी! पेट्रोलची गाडी निदान भुरभुरून सांगते तरी, ही काहीच बोलत नाही. तेव्हापासून घरात नियम, बॅटरी सुटी केल्याशिवाय चेनला बोट लावायचं नाही.

धुण्याबद्दल वेगळंच भांडण. माळव्यातली काळी माती ओली असली की सोडत नाही, मग ह्याला लगेच वॉशिंगवाल्याचं प्रेशर आठवतं. तो फवारा सील ओलांडून बेअरिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये पाणी घुसवतो, त्यापेक्षा बादली, ब्रश आणि थोडा धीर. आणि चेनला मारायचा ऑइलचा स्प्रे ब्रेकवर मात्र चुकूनही नाही, पॅडनं तेल प्यायलं की कामातून गेला.

राहिली बॅटरी. उन्हातून तापून आली की आधी गार होऊ द्यायची मग चार्जर, एवढं भाच्याला पटलं. पण गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर लिथियमची बॅटरी साधारण अर्धी भरलेलीच ठेवावी, हे आईला काही पटत नाही. तिच्या घरात मीठ, तांदूळ, पाण्याचे हंडे सगळं काठोकाठ, त्यामुळे ती येता जाता चार्जरचं बटण दाबते आणि मी येता जाता बंद करतो.